कोपऱ्यातलं मशीन

बाबांच्या हाउसिंग सोसायटीतल्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आम्ही दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात राहायला गेलो, तेव्हा मी सातवीत होते आणि दादा अकरावीत. ते दिवस असे होते की बाबांच्या ऑफिसात लोक फायली बाजूला ठेवून शेअरबद्दल बोलत, नव्या गाड्यांची बुकिंग करत, आणि आयुष्यभर क्वार्टरमध्ये काढलेली माणसं यमुनेपलीकडे घर घेण्याची हिंमत करत. आमचं घर आमचं स्वतःचं होतं, एवढंच त्याचं कौतुक. आजूबाजूला अजून काही नव्हतं. आमच्या ब्लॉकमधल्या निम्म्या दारांना मालकांनी ताबा घेतला त्या दिवशी लावलेली कुलुपं तशीच होती. रस्ते रुंद आणि रिकामे. सेक्टरचे नंबर लिहिलेल्या पाट्या, आणि पाट्यांच्या मागे माणसाच्या उंचीचं गवत. दुपारी शाळेच्या बसमधून उतरलो की कधी कधी त्या गवतातून एखादी नीलगाय रस्त्यावर येऊन उभी राहायची आणि आमच्याकडे बघत राहायची. ती गेली की मगच आम्ही पुढे चालायचो.

क्वार्टरमध्ये शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. इथे जिन्यात बोललं की आपलाच आवाज वरच्या मजल्यावरून परत यायचा. आई दिल्लीत एका शाळेत शिकवायची. ती आणि बाबा नोकरदारांसाठी ठरवलेल्या चार्टर्ड बसने संध्याकाळीच परतायचे. तोवर मला सांभाळायचं काम दादाकडे होतं. म्हणून तो जाईल तिथे मी जायचे.

आणि तो जायचा मार्केटच्या तळघरात. सेक्टरचं मार्केट बांधून तयार होतं, पण शटर उघडलेली दुकानं मोजकीच: दुधाचं बूथ, एक केमिस्ट, एक एसटीडी बूथ. तळघरात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. खाली उतरताना जिन्यात ओल्या सिमेंटचा वास यायचा आणि दोन-चार पायऱ्यांनंतर आवाज सुरू व्हायचे. मालक पन्नाशीचा असेल. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सगळ्यांना बेटा म्हणायचा. मला बसायला स्टूल द्यायचा, संत्र्याची गोळी द्यायचा. त्याने कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

दादा तिथला राजा होता. गाड्यांच्या शर्यतीचं मशीन असो की मारामारीचं, तो एका टोकनवर शेवटापर्यंत जायचा. मुलं त्याच्या मागे गर्दी करून उभी राहत. समोरचा पहिलवान कधी उडी मारणार, वळणावर ट्रक कुठून येणार, हे त्याला आधीच माहीत असायचं. मी एकदा विचारलं, तुला कसं कळतं? तो म्हणाला, पाठ होतं गं, मशीन तेच तेच करतं, नीट बघितलं की त्याचा क्रम सापडतो. आणि ते खरंच होतं. ती मशिनं तेच तेच करायची.

दिवाळीनंतर मालकाने कोपऱ्यात एक नवीन मशीन आणून ठेवलं. दिसायला बाकीच्यांसारखंच. तसाच लाकडी खोका, तसाच पडदा, तशीच रंगीत बटणं. पण पडद्यावर ना गाडी ना पहिलवान. नुसते पाच पत्ते. हवे ते धरून ठेवायचे, बाकीचे बदलायचे. जोडी जमली की एक छोटी धून वाजायची आणि आकडे वाढायचे. ते आकडे काउंटरवर मालक नोटांत बदलून द्यायचा, न बोलता, टेबलाखालून. तो मुलांना सांगायचा की हेसुद्धा गेमच आहे, फक्त यात डोकं जास्त लागतं. शर्यतीत जिंकणाऱ्यांना तो पहिले काही डाव फुकट द्यायचा. आता माझी भाची मोबाइलवर खेळते, त्यात मध्येच एक बंद पेटी येते. आत काय आहे ते पैसे भरल्याशिवाय कळत नाही. तिला तो गेमचाच भाग वाटतो. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

त्या मशीनसमोर कायम एकच मुलगा बसलेला असायचा. तो आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहत होता. वडिलांचा पानिपतला ब्लँकेटचा व्यापार होता. त्यांनी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला होता आणि इंजिनिअरिंगच्या कोचिंगसाठी मुलाला तिथे एकटं ठेवलं होतं. वयाने दादापेक्षा थोडा मोठा. जिन्यात भेटला की आईला वाकून नमस्ते करायचा, हातातली पिशवी घ्यायचा. आईला तो फार आवडायचा. तळघरात मात्र मी त्याचा चेहरा क्वचितच बघितला. मला दिसायची ती त्याची पाठ. डावा खांदा जरा खाली, मान पुढे, आणि उजव्या हाताचा अंगठा बटणावर.

एका दुपारी लाइट गेली. नोएडात ती रोजच जायची आणि गेली की मशिनं एकदम गप्प व्हायची. मुलं ओरडत जिन्याने वर जायची, मालक मेणबत्ती लावायचा. त्या दिवशी मी माझं दप्तर घ्यायला परत खाली गेले. जिन्यातून थोडा उजेड येत होता. तो मुलगा तिथेच बसला होता. पडदा काळा होता आणि त्या काचेत त्याचा चेहरा अंधुक दिसत होता. अंगठा चालू होता. दाबायचा, थांबायचा, दोनदा दाबायचा. मध्येच त्याने समाधानाने मान हलवली, जणू हवा तो पत्ता आला. मी दप्तर उचललं तेव्हा त्याला चाहूल लागली. मागे न वळता तो काचेतूनच माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला की लाइट आली की पुढचा डाव त्याचाच आहे, त्याला दिसतोय. वर आल्यावर मी दादाला हे सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो विचारात पडला आणि त्याने विचारलं, "कुठली बटणं दाबत होता? आठवतंय का तुला?"

त्यानंतर दादाने बाकीची मशिनं सोडली. आधी तो नुसताच त्या मुलाच्या मागे उभा राहून बघायचा, तासभर, एकही टोकन न घेता. मग दोघं आळीपाळीने खेळायला लागले. दादाचं म्हणणं होतं की या मशीनलाही क्रम असणारच, फक्त तो लांब आहे. शर्यतीचा एका महिन्यात पाठ झाला, याला जास्त दिवस लागतील. तो हे इतक्या शांतपणे सांगायचा की मला ते पटायचं. वर्गात पहिला-दुसरा येणारा मुलगा सांगतोय म्हटल्यावर न पटण्यासारखं काय होतं?

पण ते तळघरात राहिलं नाही. बसस्टॉपवर उभं असताना तो येणाऱ्या गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा आधी सांगायला लागला. रस्त्यावर गाड्या कमी, लांबून एक यायची, आणि ती वळणावर दिसायच्या आधी तो हळूच म्हणायचा, सात. गाडी जवळ यायची आणि सात असायचा. प्रत्येक वेळी नाही. पण असायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. चुकला तर तो मुळीच नाराज व्हायचा नाही. म्हणायचा, मध्ये एखादी गाडी आपण बघितली नसेल. समोरच्या ब्लॉकमधल्या कुठल्या खिडकीत आधी दिवा लागणार, जेवताना बाबा कुठली भाजी आधी घेणार, सगळं तो आधी सांगायचा. जेवताना त्याचा उजवा अंगठा ताटाच्या कडेवर चालू असायचा. आईने एकदा त्याचा हात धरून ठेवला. तिने सोडल्यावर तो पुन्हा सुरू झाला, आणि दादाने स्वतःच त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. महिन्यातल्या एका रविवारी दिल्लीत मराठी उपासना असायची आणि आई आम्हाला दोन बस बदलून तिथे न्यायची. डिसेंबरातल्या त्या रविवारी सगळे उभे राहून गात होते. मी दादाच्या शेजारी होते. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द वेगळे वाटले म्हणून मी कान दिला. शब्द नव्हतेच. पत्ते जुळले की मशीनवर वाजायची ती धून तो गुणगुणत होता, पुन्हा पुन्हा, आणि ती गीताच्या चालीखाली अगदी बेमालूम बसत होती. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळून त्याच्याकडे बघून कौतुकाने हसल्या. त्यांना वाटलं, मुलगा खालचा सूर छान धरतोय. मी त्याला कोपराने ढोसलं. त्याला कळलंच नाही मी का ढोसतेय.

नाताळच्या आदल्या दिवशी आईने करंज्यांची ताटली भरली आणि मला म्हणाली, वरच्या मुलाला देऊन येऊ, सणाचा एकटाच असतो बिचारा. दादा त्या वेळी ट्यूशनला म्हणून गेलेला होता. दुपारचं ऊन जिन्यात तिरपं पडलं होतं. आईने बेल दाबली. ती वाजली नाही. मग दार वाजवलं तेव्हा त्या मुलाने उघडलं, नेहमीसारखा वाकून नमस्ते केला आणि आत या म्हणाला.

आत काही नव्हतं. मी त्याच्या घरात आधी एकदा गेले होते. तेव्हा तिथे पलंग होता, टेबल होतं, पडदे होते, वडिलांनी पाठवलेली ब्लँकेटं रचून ठेवलेली होती. आता छताला पंख्याचा नुसता हूक होता. खिडक्यांवर पडद्यांच्या दांड्यासुद्धा नव्हत्या. आई काहीतरी बोलली आणि तिचा आवाज भिंतींवर आपटून आला. त्याला मात्र यात काही वेगळं आहे असं वाटत नव्हतं. करंज्या काढून ठेवायला घरात भांडं नव्हतं, म्हणून त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि आईने त्यात जमतील तेवढ्या ठेवल्या. तो तसाच उभा राहिला. आई पटकन म्हणाली, "ताटली राहू दे बेटा, नंतर दे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी हळू आवाजात हिंदीत म्हणालं, "रख लिया। बदल।"

आवाज दादाचा होता. आई आत गेली, तिच्या मागे मी. खोलीत दोन चटया होत्या, भिंतीला अगदी लागून. एका चटईवर दादा मांडी घालून बसला होता. समोर पांढरी भिंत, तिच्यावर काही नाही. त्याचा अंगठा गुडघ्यावर चालला होता आणि डोळे भिंतीवर काहीतरी वाचत असल्यासारखे डावीकडून उजवीकडे फिरत होते. डावा खांदा खाली, मान पुढे. पाठीवरून मी त्याला ओळखलं नसतं.

आईने त्याला हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्याने बघितलं. घाबरला वगैरे नाही. अभ्यासातून उठवल्यासारखा वैतागून म्हणाला, "आई, एक मिनिट थांब ना यार. आम्ही क्रम पाठ करतोय. आता अगदी शेवटाला आलोय."

आई रागावली नाही. तिने खाली वाकून त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि त्याला उठवलं. दारात थांबून तिने त्या मुलाला पानिपतचा फोन नंबर विचारला. तो आढेवेढे घेईल असं मला वाटलं होतं. त्याने लगेच सांगितला, आणि आईला पाठ होतोय ना हे बघायला पुन्हा एकदा सावकाश सांगितला. हातात करंज्या तशाच होत्या.

दादाला घरी बसवून आई तशीच एसटीडी बूथवर गेली. काय बोलली ते तिने आम्हाला सांगितलं नाही. नाताळ आम्ही कसाबसा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचे वडील ड्रायव्हरसह गाडी घेऊन आले. धुकं इतकं होतं की गाडीचे दिवे आमच्या गेटात शिरेपर्यंत दिसले नाहीत. राखाडी सफारी सूट घातलेले, रुंद बांध्याचे गृहस्थ. त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही. बाहेरचं काही घेत नाही म्हणाले. वर जाऊन रिकामा फ्लॅट बघून आले आणि बाबांसमोर खुर्चीवर बसून बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले की मुलाला घेऊन जातो, पण आधी ती जागा बघायची आहे. माझा मुलगा वाईट नाही, ते म्हणाले, मग त्यात असं काय आहे ते मला कळलं पाहिजे.

बाबांनी त्या दिवशी रजा घेतली होती. आम्ही सगळेच गेलो. मला घरी एकटं ठेवायला आई तयार नव्हती. मार्केट धुक्यात बुडालेलं होतं. मालकाने नुकतंच शटर वर केलं होतं आणि तळघरात दुसरं कुणी नव्हतं. तो त्या मुलाच्या वडिलांना बघून उठून उभा राहिला. बाबांनी त्याला चांगलंच सुनावलं. तो खाली मान घालून ऐकत होता आणि मध्ये मध्ये "जी, बिल्कुल" म्हणत होता.

ते वडील मात्र तिकडे लक्षच देत नव्हते. ते कोपऱ्यातल्या मशीनसमोर उभे होते. म्हणाले, "देखूं तो सही, इसमें है क्या।" आणि खुर्ची ओढून बसले.

मालकाने आत टोकन टाकलं. पत्ते आले. त्यांनी काहीतरी दाबलं, हरले, आणि नाकातून हसले. पुन्हा दाबलं. तिसऱ्या-चौथ्या डावाला धून वाजली. त्यांनी मान जरा पुढे केली. बाबा म्हणाले, चला, बघून झालं असेल तर निघू. ते म्हणाले, थोडं थांबा. बाबा थांबले. मग आणखी थांबले. आई दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली. वरून धुकं पायऱ्यांवर उतरत होतं आणि तळघरात तो एकच पडदा उजळलेला होता. त्यांनी सफारीची वरची बटणं काढली होती. डावा खांदा हळूहळू खाली आला होता.

त्यांचा मुलगा इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो पुढे आला, बापाच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि वाकून त्यांच्या कानाशी अगदी प्रेमाने बोलायला लागला. पहिले दोन धरा. आता थांबा. हां, आता. वडील त्याच्याकडे न बघता तो सांगेल तसं करत होते. त्या दोघांमध्ये इतकी जवळीक आहे हे त्या दिवसापर्यंत कुणाला दिसलं नसेल, कदाचित त्यांनाही नाही.

दादा माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो त्या दोन पाठींकडे बघत होता, एक पुढे, एक मागे. त्याने माझा हात धरला. म्हणाला, "चल गं वर. मला इथे श्वास येत नाहीये."

आम्ही दोघं वर येऊन दुधाच्या बूथपाशी उभे राहिलो. धुक्यातून गाड्यांचे आवाज येत होते, एकेक गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसायची. मी वाट बघत होते की तो आता आकडा सांगेल. त्याने डोळे मिटून घेतले होते.

बाप-लेक दुपारी उशिरा पानिपतला गेले. आमच्या घरासमोरून गाडी गेली तेव्हा दोघं मागच्या सीटवर शेजारी बसून बोलत होते.

दादा त्यानंतर तळघरात गेला नाही. सोपं नव्हतं. कितीतरी महिने त्याला मशीनचे आवाज ऐकू यायचे, आणि आई संध्याकाळी त्याला घेऊन मोकळ्या रस्त्यांवर चालायची, सेक्टरच्या शेवटच्या पाटीपर्यंत. बारावीला त्याला बेताचेच मार्क मिळाले. पुढे शिकला, नोकरीला लागला, संसार केला. आजही नाताळच्या संमेलनात चर्चचे लोक हाउसीची, म्हणजे आकडे पुकारून पैसे जिंकायच्या खेळाची, तिकिटं वाटायला लागले की तो पाणी प्यायला म्हणून बाहेर जातो. पार्लर उन्हाळ्यात बंद झालं. मालक कुठे गेला ते कळलं नाही. तळघरात पुढे कुणीतरी टाइल्सचं गोदाम केलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आई आणि मी पाहुण्यांना द्यायची ब्लँकेटं घ्यायला पानिपतला गेलो. बाजारात विचारत विचारत त्या बाप-लेकाचं दुकान सापडलं. आईलाच ते बघायचं होतं, मला माहीत होतं. गादीवर तो मुलगा बसला होता. वजन वाढलं होतं, केस पांढरे व्हायला लागले होते. त्याने आईला लगेच ओळखलं, उठून पायाला हात लावला, दादाची चौकशी केली. ब्लँकेटं स्वतः उलगडून दाखवली. आईने विचारलं, वडील कसे आहेत?

तो म्हणाला, मजेत आहेत. दिल्लीला गेलेत. मग घडी घालता घालता त्याने सांगितलं की त्या दिवसानंतर पंधरवड्याने ते एकटेच नोएडाला गेले होते. मग जातच राहिले. ते पार्लर बंद झालं तेव्हा त्यांनी दिल्लीत दुसरी जागा शोधली. आता आठवड्यातून दोनदा ड्रायव्हर त्यांना घेऊन जातो, संध्याकाळी आणतो. व्यापार मीच बघतो, तो म्हणाला. आई म्हणाली, तू त्यांना अडवत का नाहीस?

त्याने घडी घातलेलं ब्लँकेट बाजूला ठेवलं. मग आईच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आंटी, पापा वहाँ बैठते हैं, तभी तो मैं यहाँ बैठ पाता हूँ।"

आम्ही पैसे दिले आणि गठ्ठे घेऊन बाहेर पडलो. दुकानापुढे त्याच वेळी एक गाडी येऊन थांबली आणि त्याचे वडील उतरले. इतक्या वर्षांनीही ताठ, केस काळेभोर, चेहऱ्यावर तकाकी. गादीवर बसलेला मुलगाच त्यांच्यापेक्षा थकलेला दिसत होता. त्यांनीही आईला ओळखलं. हात जोडले, बाबांची तब्येत विचारली, मला आशीर्वाद दिला. मग जरा पुढे वाकून विचारलं, तुमचा मुलगा अजून खेळतो का?

आई म्हणाली, नाही, त्याने केव्हाच सोडलं.

एखाद्याचं दुखणं ऐकल्यावर हलवावी तशी त्यांनी मान हलवली. मग ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले की बहनजींना हायवेपर्यंत सोडून ये. आई नको म्हणाली. आम्ही गठ्ठे मांडीवर घेऊन सायकलरिक्षाने गेलो.